पुरानी बस्तीतली वाट

रायपूरच्या ज्या भागात मी जन्मले, वाढले आणि साठी ओलांडूनही राहते आहे, त्याचं नाव पुरानी बस्ती. नाव हिंदी आहे. पण इथल्या बायका आपसात बोलताना जुन्याला 'जुन्ना' म्हणतात आणि नव्याला 'नवा'. शहराबाहेर राज्याची नवीन राजधानी उभी राहिली, तिला आधी 'नया रायपूर' म्हणत. पुढे ती 'नवा रायपूर अटल नगर' झाली. बाहेरून आलेल्या हिंदीभाषक पाहुण्यांना त्यात छपाईची चूक वाटते. मराठी माणसाला मात्र काहीच खटकत नाही, कारण जुना आणि नवा हे दोन्ही शब्द छत्तीसगढीने आणि मराठीने जवळजवळ सारखेच ठेवले आहेत.

मराठीत आणखी एक शब्द आहे, तो मला या वस्तीसाठी सगळ्यांत योग्य वाटतो: पांढरी. गावाच्या शेतजमिनीला काळी म्हणतात आणि घरं वसतात त्या जागेला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडून, चुलींची राख पडून जी माती पांढुरकी होते ती पांढरी. पुरानी बस्ती ही रायपूरची पांढरी आहे. पण हा शब्द इथे उच्चारताना मी जरा जपून असते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगडात शेती न करणाऱ्या लोकांवर, म्हणजे कारागीर, दुकानदार अशांवर जो कर बसे, त्याचं नाव 'पंडरी' होतं. आपल्या भाषेतला इतका मायेचा शब्द शेजाऱ्याच्या इतिहासात वसुलीचा शब्द म्हणून नोंदलेला आहे.

या लेखात मला पुरानी बस्तीच्या खुणा सांगायच्या आहेत. त्यांतल्या किती आपल्या म्हणायच्या, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात अचानक व्यवहाराचा झाला. तो शेवटी सांगेन. आधी वस्ती.

रायपूर वसवण्याचं श्रेय कलचुरी, म्हणजे हैहयवंशी राजांच्या इथल्या शाखेला दिलं जातं. या शाखेचा राजा ब्रह्मदेव याच्या काळातला, १४०२ सालचा शिलालेख आहे. खारून नदीच्या काठी महादेव घाटावर हाजीराज नायकाने हाटकेश्वराचं देऊळ बांधलं, त्याचा हा लेख. आजही कार्तिकी पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. किल्ला मात्र आमच्या बाजूला होता, बूढा तालाब आणि महाराजबंध तलाव यांच्या मधल्या उंचवट्यावर. तो १४६० साली राजा भुवनेश्वरसिंहाने बांधला असं जुन्या गॅझेटियरमध्ये दिलं आहे. आता तिथे ब्रह्मपुरीची घरं आहेत. दोन तलाव दोन बाजूंना खंदकासारखे होते, एवढ्यावरूनच किल्ल्याची कल्पना करायची.

तलाव हे इथलं खरं वैभव. छत्तीसगढीत तलावाला 'तरिया' म्हणतात. बूढा तालाबाचं नाव गोंडांच्या बूढादेवावरून पडलं असं इथे सांगतात. आता त्याचं सरकारी नाव विवेकानंद सरोवर आहे आणि मधल्या बेटावर स्वामींचा मोठा पुतळा बसलेला आहे. त्यालाही कारण आहे. १८७७ ते १८७९ या काळात वडिलांबरोबर नरेंद्रनाथ दत्त नावाचा मुलगा जवळच बूढापाऱ्यात राहत होता. तरी रिक्षावाल्याला विवेकानंद सरोवर म्हटलं तर तो क्षणभर विचार करतो आणि मग 'अच्छा, बूढा तालाब' म्हणतो. महाराजबंध, कंकाली आणि खोखो हे तलाव अजून आहेत, पण काठाकाठाने भराव पडत गेला आणि प्रत्येक तलाव माझ्या लहानपणापेक्षा अंगाने कमी झाला आहे. कंकाली तलावाच्या पाण्यात महादेवाचं देऊळ बुडालेलं आहे. शेजारच्या कंकाली मठाचं दार वर्षातून एकदा, दसऱ्याला उघडतं आणि आतल्या जुन्या शस्त्रांची पूजा होते. लहानपणी वर्षभर आम्ही त्या बंद दाराकडे बघत शाळेत जायचो.

पुरानी बस्तीचं मूळ विचाराल तर लोक तुम्हाला महामायेच्या देवळात नेतील. महामाया ही कलचुरींची कुलदेवता, रतनपूरलाही तिचंच मोठं देऊळ आहे. इथल्या देवीची गोष्ट अशी सांगतात, की ती राजाला खारून नदीत सापडली. खांद्यावरून ने, वाटेत कुठे ठेवू नकोस, अशी तिची अट होती. राजा थकला, त्याने मूर्ती एका शिळेवर टेकवली आणि देवी तिथून हललीच नाही. म्हणून गाभारा दरवाजाच्या रेषेत नाही. समोर उभं राहिलं तर देवी किंचित बाजूला दिसते आणि नीट बघायला आपल्यालाच सरकावं लागतं. आवारात समोर समलेश्वरीचं देऊळ आहे, ती संबलपूरकडची देवी. सकाळचं ऊन समलेश्वरीच्या पायांवर येतं आणि मावळतीचं महामायेच्या, असं पुजारी सांगतात. नवरात्रात मुख्य ज्योत काडेपेटीने पेटवत नाहीत. चकमकीचे दगड घासून ठिणगी पाडतात आणि कुमारिकेच्या हातून ज्योत लावतात. मग भक्तांच्या नावाने शेकडो ज्योती लागतात. तेल-तुपाचा तो वास आमच्या गल्लीपर्यंत यायचा, अजूनही येतो.

महामायेकडून दक्षिणेला महाराजबंधाच्या कडेने गेलं की मठपारा लागतो आणि दूधाधारी मठ. हा रामानंदी वैष्णवांचा मठ. मूळ महंत बलभद्रदास. ते अन्न घेत नसत. गाईचं दूध हनुमानाच्या मूर्तीवर घालायचं आणि तेच प्यायचं, एवढाच त्यांचा आहार, म्हणून दूधाधारी. मठाची स्थापना १५५४ सालची सांगतात. आत रामजानकीचं आणि बालाजीचं अशी देवळं आहेत, आणि भिंतींवर मराठा काळातली चित्रं. पगड्या, धोतरं, रामकथेतले प्रसंग. आमची आजी आम्हा मुलांना ही चित्रं बोटाने दाखवायची आणि म्हणायची, 'बघा, हे आपल्या लोकांनी केलं.'

इथेच हिशेब थोडा अडतो. मठ पाहायला येणाऱ्यांना अनेकदा असं सांगितलं जातं, की रघुराव भोसले राजाने १६१० साली बलभद्रदासांसाठी हा मठ बांधून दिला. पण भोसल्यांचं सैन्य छत्तीसगडात आलं ते १७४१ साली. १६१० मध्ये नागपूरला भोसल्यांचं राज्यच नव्हतं. बिंबाजी भोसल्याने अठराव्या शतकात मठाचा जीर्णोद्धार केला ही गोष्ट काळाशी जुळते, चित्रंही तेच सांगतात. मला या चुकलेल्या सालाची गंमत वाटते. ज्यांच्यावर राज्य झालं त्यांच्याच नातवंडांनी राज्यकर्त्यांना सव्वाशे वर्षं जास्तीची देऊन टाकली आहेत, तीही पुण्याच्या खात्यावर.

खरा हिशेब वेगळा आहे. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर, इथे ज्यांना भास्करपंत म्हणतात, ते ओरिसा-बंगालच्या स्वारीवर निघाले आणि वाटेत रतनपूरवर चालून गेले. तिथला म्हातारा राजा रघुनाथसिंह मुलाच्या मृत्यूने आधीच खचला होता. त्याने लढाई दिली नाही. शहरावर लाखाचा दंड बसला. रायपूरच्या शाखेत अमरसिंह राज्य करत होता. त्याला पुढे बाजूला केलं आणि ठरावीक खंडणीच्या बदल्यात थोडे परगणे ठेवू दिले. त्याचा मुलगा शिवराजसिंह, त्याच्याकडून १७५७च्या सुमारास तेही गेले. निर्वाहाला मोजकी गावं, आणि परगण्यातल्या प्रत्येक गावामागे एक रुपया. ज्या घराण्याने साडेतीनशे वर्षं इथे देवळं बांधली आणि तळी खणली, त्याचा हक्क गावामागे एका रुपयावर आला.

त्यानंतर १७५८ ते १७८७ बिंबाजी रतनपूरला राहिला. त्याच्याबद्दल इथे बऱ्यापैकी आदराने बोलतात, कारण तो इथे राहिला. दसऱ्याला सोनं म्हणून पानं वाटायची पद्धत त्याने आणली असं सांगतात. दरबारात मराठी आणि मोडी आली तीही तेव्हाच. त्याच्या मागे मात्र सुभेदारांचा काळ आला. नागपूरहून माणूस नेमायचा, त्याने वसूल करून पाठवायचं. कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे ही पदं, टकोली, सायर, कलाली, पंडरी हे कर. १८१८ नंतर इंग्रजांचा अधिकारी ॲग्न्यू याने कचेरी रतनपूरहून रायपूरला हलवली आणि पुरानी बस्तीच्या उत्तरेला नवं रायपूर वाढू लागलं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं.

आजी म्हणायची, आपण बिंबाजीबरोबर आलो. रायपूरच्या बऱ्याच मराठी घरांत ही कथा सांगतात. काहींच्या बाबतीत ती खरी असेलही. आमच्या बाबतीत कागद काही वेगळं सांगतात. आजोबा वर्ध्याकडचे, १९२८ साली कचेरीत कारकुनी मिळाली म्हणून ट्रंक घेऊन रेल्वेने आले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, रायपूर त्याच प्रांतातलं जिल्ह्याचं गाव. नागपूरहून रायपूरला येणं म्हणजे परमुलखात येणं नव्हतं, बदलीवर येणं होतं. मला ही कारकुनाची आणि ट्रंकेची गोष्ट जास्त आवडते. तिच्यात कुणाकडून काही घेतलेलं नाही.

बिंबाजीच्या मागेपुढे आणि मग रेल्वेने आलेले मराठी लोक जिथे जमले, त्या भागाला तात्यापारा म्हणतात. पुरानी बस्तीतून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. 'तात्या' आपला, 'पारा' त्यांचा, मराठीतल्या पाड्याचा भाऊ. १९३५ मध्ये रायपुरात महाराष्ट्र मंडळ निघालं. नाटकं, गणपती, हळदीकुंकू, सगळं झालं आणि होतं. पण या शहरावर मराठी माणसाची जी खूण खोल उमटली ती अशा दोघांची, ज्यांनी मराठीत फारसं काही केलं नाही.

पहिले माधवराव सप्रे. १८७१ मध्ये दमोहजवळच्या पथरियाला जन्म, शिक्षण बिलासपूर-रायपूरकडे. सरकारी नोकरी नाकारून पेंड्राच्या राजकुमाराचे शिक्षक झाले आणि तिथून जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. रेल्वे, तार, छापखाना यांच्या सगळ्या अडचणी असताना, त्या वनप्रदेशातून. मासिक तीन वर्षं चाललं. १९०१ मध्ये त्यात आलेली 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी गोष्ट हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणतात. विधवेची झोपडी जमीनदार आपल्या महालाच्या आवारासाठी बळकावतो. ती तिथली टोपलीभर माती न्यायला येते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. ती त्याला उचलत नाही. एक टोपली उचलत नाही, तर सगळ्या मातीचं ओझं जन्मभर कसं उचलणार, असं ती विचारते आणि तो शरमून झोपडी परत देतो. तीन-चार मिनिटांत वाचून होते.

१९०७ मध्ये सप्र्यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली, आणि घरच्यांच्या दबावापुढे माफीपत्रावर सही करून ते सुटले. तो सल मोठा होता. ते सगळं सोडून वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर रामदासी परंपरेत राहिले. त्यातून त्यांचा हिंदी 'दासबोध' आला. पुढे टिळकांचं 'गीतारहस्य' मराठीत १९१५ला आलं आणि पाठोपाठ १९१६ला सप्र्यांनी ते हिंदीत दिलं. रायपुरात त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९२६च्या एप्रिलमध्ये रायपुरातच वारले. बूढा तालाबाशेजारी सप्रे शाळा आहे, तिच्या मैदानावर सभा आणि सर्कशी होत आल्या आहेत. शहरातल्या निम्म्या लोकांना सप्रे हे मैदानाचं नाव वाटतं.

दुसरे वामनराव लाखे, सप्र्यांपेक्षा वर्षाने लहान, 'छत्तीसगढ़ मित्र'चे प्रकाशक. त्यांनी १९१३ मध्ये रायपुरात सहकारी बँक काढली. सावकाराच्या पकडीतल्या शेतकऱ्याला ती किती गरजेची होती हे इथे जुन्या लोकांना अजून आठवतं. सरकारने दिलेली पदवी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली. लोकांनी त्यांना 'लोकप्रिय' म्हणायला सुरुवात केली. १९३०च्या कायदेभंगात रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोकांनी पाच पांडव ठरवलं होतं. लाखे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायणदास भीम, ठाकूर प्यारेलालसिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. एक मराठी, एक महंत, एक ठाकूर, एक मौलाना, एक मारवाडी. पुरानी बस्तीला लागून पश्चिमेला जो भाग आहे, तो लाखेनगर.

त्यांतले भीम, म्हणजे महंत लक्ष्मीनारायणदास, आमच्याच वस्तीतल्या जैतूसाव मठाचे. हा मठ रामनवमीच्या मालपुव्यांसाठी प्रसिद्ध आहे. दोन-तीन दिवस कढया उतरत नाहीत. पण एका काळी तिथे स्वातंत्र्याच्या सभा भरत आणि माणसं लपवली जात. १९३३च्या नोव्हेंबरात हरिजन दौऱ्यात गांधीजी रायपूरला आले होते, तेव्हाच्या आठवणी मठात अजून सांगितल्या जातात. मठाला गांधी भवनही म्हणतात.

माझ्या मुलीला मराठी बोलता येतं, वाचायला ती कंटाळते. आजीचा दासबोध आमच्याकडे आहे, पानं पिवळी, शिवण सुटलेली. मुलीने तो कधी उघडला नाही. बेंगळुरूला गेल्यावर एकदा फोनवर तिने मला मूर्खांच्या लक्षणांतली चार-पाच वाचून दाखवली आणि हसत म्हणाली, 'आई, यातली निम्मी बाबांना लागू आहेत.' ती सप्र्यांच्या हिंदीतून वाचत होती. मला आधी वाईट वाटलं. मग आठवलं, की आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत समर्थ याच वाटेने पोचले. आता आमच्या घरातही त्याच वाटेने परत आले.

महामायेजवळून थोडं आत गेलं की टुरी हटरी लागते. 'टुरी' म्हणजे मुलगी, 'हटरी' म्हणजे छोटा बाजार. इथे जगन्नाथाचं जुनं देऊळ आहे, पाचशे वर्षांचं म्हणतात, आषाढात रथ निघतो. रोज मात्र भाजी, मडकी, सुपं, पूजेचं सामान. विकणाऱ्या बहुतेक बायका. माझ्या आजीची मैत्रीण या बाजारात भाजी विकायची. मरार समाजाची, म्हणजे मळा करणाऱ्यांतली. तिचं घर आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून. आम्ही तिला डोकरी दाई म्हणायचो. मराठीत कुणाला डोकरी म्हटलं तर ते हिणवणं होतं, छत्तीसगढीत डोकरी दाई म्हणजे आजी. आमच्या घरी नागपूरहून पाहुणे आले की आजी आधी हे समजावून सांगायची.

त्या दोघी 'भोजली' होत्या. राखीच्या दुसऱ्या दिवशी इथे टोपल्यांत उगवलेले गव्हाचे कोवळे अंकुर, म्हणजे भोजली, तलावात शिरवतात. त्यांतले थोडे एकमेकींच्या कानावर खोचायचे आणि नातं जोडायचं. ते जन्माचं असतं, जात बघत नाही आणि पुढच्या पिढ्यांवरही चालतं. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. भेटलं की 'सीताराम भोजली' म्हणायचं. सोवळ्याची कडक असलेली माझी आजी, तिने हे १९४०च्या आसपास महाराजबंधाच्या काठावर केलं. आजोबांनी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं म्हणे. रोज संध्याकाळी बाजारातून परतताना डोकरी दाई मागच्या दारातून विचारायची, 'सीताराम भोजली, का साग रांधे हस?' आज काय भाजी केली, हेच इथलं कुशल विचारणं.

पोळ्याला दोन्ही घरांत सण. आमच्या पंचांगात श्रावणी अमावास्या, त्यांच्या पंचांगात भादोची. तिथी तीच. महिन्याचं नाव वेगळं, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. ते त्याला 'पोरा' म्हणतात. मातीचा नांदिया बैल आणि मुलींसाठी मातीची जाती-चूल आणतात, ठेठरी-खुरमी करतात. आमच्याकडे पुरणपोळी. रावणभाठ्याच्या मैदानावर बैलांच्या शर्यती. मागच्या दारातून ताटं इकडून तिकडे जायची. त्या दारातून अजून एक गोष्ट चालायची, ती म्हणजे त्यांची येजा. त्यांच्या घराला गल्लीकडे तोंड नव्हतं. आमच्या अंगणातून, विहिरीच्या कडेने, बाजूच्या बोळात निघायची वाट होती. डोकरी दाईची भाजीची टोपली, तिच्या मुलाची सायकल, नातवाची मोटरसायकल, सगळं ऐंशी वर्षं त्याच वाटेने गेलं. तिच्याविषयी कधी बोलणं झालं नाही, भांडण नाही आणि कागद तर नाहीच.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूर मध्य प्रदेशात राहिलं, राजधानी भोपाळ. आजोबांच्या नोकरीचे कागद एका दिवसात दुसऱ्या दिशेला जाऊ लागले. काही मराठी घरं नागपूरला परत गेली, आमचं राहिलं. बरोबर चव्वेचाळीस वर्षांनी, १ नोव्हेंबर २०००ला, छत्तीसगड झालं आणि रायपूरच राजधानी झालं. जागांचे भाव त्यानंतर असे चढले की तलावही आकसले. आमच्या चुलत भावंडांतली दोन नागपूरला आहेत, एक पुण्याला. गेल्या वर्षी घराला गिऱ्हाईक आलं. अंगणासकट सगळा प्लॉट, भिंतीपासून भिंतीपर्यंत. बाकी सगळे तयार होते. माझी सही राहिली होती.

डोकरी दाईचा पणतू एका संध्याकाळी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, 'फूफू, हमन कोन डहर ले निकलबो?' आम्ही कुठून निघायचं? फूफू म्हणजे आत्या. भोजलीच्या नात्याने मी त्याची आत्याच लागते.

मी वकिलाकडे गेले. त्यांनी १८८२चा कायदा सांगितला. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या हक्काला इथल्या कायदेशीर हिंदीत 'सुखाधिकार' म्हणतात. इतका चांगला शब्द मी कचेरीच्या भाषेत आजवर ऐकला नव्हता. उघडपणे, शांततेने, खंड न पडता वीस वर्षं वापर झाला असेल, आणि तो हक्क म्हणून झाला असेल, तर तो मिळतो. मग त्यांनी विचारलं, 'आपकी दादी ने इजाज़त दी थी, या ये लोग अपना हक़ समझकर चलते थे?' परवानगीने चालले असतील तर हक्क तयार होत नाही. ती मेहेरबानी ठरते आणि मालक बदलला की संपते.

घरी येऊन मी बराच वेळ यावर विचार केला. आजीला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? 'मी दिली वाट' असं ती कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती म्हणायची, 'भोजलीची वाट आहे ती, तिथे खाट टाकू नका.' त्या वाक्यात परवानगी नाही. देणारी आणि घेणारी हे भोसल्यांच्या हिशेबात होतं, गावामागे एक रुपया असं मोजलेलं. भोजलीत ते नव्हतं. दोघींनी एकाच वेळी एकमेकींच्या कानावर अंकुर खोचले होते.

भावाचा फोन आला. 'अगं, तू उगाच गुंता करून राहिली. गिऱ्हाईक निघून जाईल.'

'जाऊ दे, दादा. वाट लिहिल्याशिवाय मी सही नाही करणार.'

'मग त्यांच्यावर उपकार म्हणून काही पैसे देऊन टाकू. सगळे मिळून.'

'उपकार नाही. हक्क म्हणून लिहायचं. चार फूट रुंद, विहिरीच्या पूर्वेने, बोळापर्यंत.'

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'आजीसारखी बोलून राहिली तू.'

भाव कमी होईल, हे खरं आहे. चार फुटांची पट्टी सोडली तर नकाशा बदलतो, एक मजला कमी पडतो. पुण्याच्या भावजयीने तो आकडा मला दोनदा सांगितला. मी तो लिहून ठेवला आहे, कारण वाटेची किंमत माहीत असलेली बरी. पहिलं गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्याने मसुदा मागवला आहे. वकिलांनी तो हिंदीत लिहिला आहे आणि तिसऱ्या पानावर ती वाट घातली आहे, दोन्हीकडच्या वारसांसह, दिशा आणि फूट देऊन. कारण म्हणून काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, पुरातन वहिवाट लिहा. ते म्हणाले, कोणाची? मी सांगितलं, दोन्ही घरांची.